विजयदुर्गचा हेलियम आणि ताऱ्यांभोवतीचे पाणी

गैरसमज १ : हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.

सिंधुदुर्गात हे सर्रास सांगितले जाते आणि १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. तारखेला आधार आहे, कारण १८६८ मध्ये त्या दिवशी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पण ज्यांच्या नावावर हा शोध सांगितला जातो ते नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहणातला वर्णपट पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिला, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी जमखंडीहून. लॉकयर यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा न्याहाळल्या. तेव्हा वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांलगत, पण त्यांच्याशी न जुळणारी, आणखी एक पिवळी रेषा त्यांना आढळली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ नावाचे चौथरे त्याच मोहिमेचे. मग किल्ल्याचे महत्त्व काय उरले, असे कोणी विचारील. भरपूर उरले. सूर्याच्या वातावरणातील रेषांची छायाचित्रे त्या ग्रहणात तिथून घेतली गेली. मात्र शोधाचे श्रेय त्या मोहिमेला देता येत नाही, कारण विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्येच युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळवला होता. तोवरची २७ वर्षे हेलियमची ती पिवळी रेषा संशयाच्या छायेतच होती. नुसती रेषा दिसली म्हणून पदार्थ सिद्ध होत नाही. दुसरा, स्वतंत्र पुरावा लागतो. ताऱ्यांभोवतीच्या पाण्यालाही हेच लागू पडते.

गैरसमज २ : प्रचंड ताऱ्याच्या धगीत पाणी टिकूच शकत नाही.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा जन्मतानाच तीव्र अतिनील किरण फेकतो आणि ते किरण पाण्याचे रेणू फोडतात, हे खरे. परंतु असा तारा वायू आणि धुळीच्या जाड आवरणात घडतो आणि ती धूळ किरणांना अडवते. थंड भागात धूलिकणांवर पाण्याचे बर्फ साठलेले असते. तापमान सुमारे १०० केल्विन, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअस झाले की ते वाफ होऊन उडते. सुमारे ३०० केल्विनच्या वर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या अभिक्रियेतून नवे पाणी झपाट्याने तयार होते. ३०० केल्विन म्हणजे २७ अंश सेल्सिअस, मालवणात एरवीही असते तेवढेच. म्हणजे उष्णता इथे पाणी मोडते त्याहून अधिक वेळा ते मोकळे करते किंवा घडवते. मात्र हे पाणी समुद्रासारखे द्रवरूप नसते. इतक्या विरळ जागी ते बर्फ किंवा वाफ एवढ्याच रूपांत राहते.

गैरसमज ३ : इतक्या लांबचे पाणी म्हणजे निव्वळ अंदाज.

पाण्याचा रेणू गिरक्या घेतो तो ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच, आणि पातळी बदलताना ठरावीक लहरी सोडतो. चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाकडून २२.२३५ गिगाहर्ट्‌झची अशीच रेषा टिपली. एकाच रेषेवर विसंबायचे कसे, हा आक्षेप हेलियमच्या वेळीही रास्त होता आणि इथेही आहे. त्याचे उत्तर हर्शेल अवकाश दुर्बिणीने दिले. आपल्या हवेतील बाष्प पाण्याच्या बहुतेक रेषा गिळून टाकते, म्हणून ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर ठेवली होती. २००९ ते २०१३ या काळात तिने घडत्या ताऱ्यांभोवती पाण्याच्या अनेक रेषा नोंदवल्या. जड ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्याच्याही, ज्यांवरून प्रमाण अधिक नेमके काढता येते. दुर्बिणीला विल्यम हर्शेल यांचे नाव आहे. जमखंडीचे लेफ्टनंट त्यांचे नातू. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही पाणी शोधते असे काहींना वाटते, पण तिची वरची मर्यादा सुमारे १.४५ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे पाण्याच्या त्या रेषेच्या खूप खाली आहे. अशा ताऱ्यांनी आयनित केलेला वायू मात्र ती उत्तम पाहते.

तेव्हा ‘ताऱ्याभोवती पाणी सापडले’ अशी बातमी वाचली की दोन प्रश्न जरूर विचारा : रेषा किती जुळल्या, आणि दुसरा पुरावा कोणता?