विश्लेषण : काही राक्षस डोक्यातून जात का नाहीत? फाशांच्या खेळापासून ‘तुंबाड’च्या हस्तरपर्यंत

शनिवारची रात्र, नवी सांगवीतला भाड्याचा फ्लॅट, टेबलावर २० बाजूंचा फासा आणि गार झालेला चहा. तीन तास खपून आम्ही चौघांनी एक ड्रॅगन मारला. महिन्याभरानं त्याचं नावही कुणाला आठवेना. पण त्याच रात्री एका मित्राची तलवार खाऊन टाकणारा किडा आजही सगळ्यांच्या लक्षात आहे. असं का होतं?

हा खेळ नेमका काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला, हे फासा ठरवतो. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली मुलं तळघरात खेळतात तो हाच. तिथल्या डेमोगॉर्गनचं नावही याच खेळातून आलंय.

लोखंड खाणारा किडा

आमची तलवार खाणारा तो ‘रस्ट मॉन्स्टर’. हाँगकाँगमध्ये बनलेल्या एका स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावरून गायगॅक्सला तो सुचला. त्याच्या मिशा लागल्या की लोखंड गंजून चुरा होतं. तो जीव घेत नाही, कमावलेलं घेतो. त्यामुळे ड्रॅगनसमोर छाती काढून उभा राहणारा योद्धाही त्याला बघून चिलखत काढून पळतो. गंजामुळे अख्खा लॉट रिजेक्ट झालेला ज्यानं पाहिलाय, त्या भोसरी-चाकणच्या माणसाला ही भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

इथेच उत्तर आहे. राक्षसाची ताकद विसरली जाते, त्याचा नियम लक्षात राहतो. कारण त्या नियमामुळे आपल्याला वेगळं वागावं लागतं.

‘तुंबाड’नं काय केलं?

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) मधला हस्तर कुठल्याही पुराणात नाही. तरी २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा लागला तेव्हा लोकांनी गर्दी केली. हस्तरचे नियम दोन ओळींत सांगता येतात. तो भुकेला आहे, म्हणून पिठाच्या बाहुलीवर तुटून पडतो. तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी ओढायची. मग प्रश्न उरतो तो माणसाच्या हावरटपणाचा : आणखी एकदा खाली उतरायचं का?

आपली भुतं यात कुठे बसतात?

अगदी पहिल्या रांगेत. चकवा मारत नाही, वाट चुकवतो. रात्रभर चालूनही माणूस त्याच झाडाखाली येतो. तिथे तलवारीचा उपयोग शून्य. मुंज झालेला, पण लग्नाआधी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा. तो पिंपळावर राहतो आणि त्याची इच्छा अपुरी आहे, म्हणून त्याच्याशी लढण्याऐवजी बोलावं लागतं. गिऱ्हा पाण्यात ओढतो अशी समजूत. अंधार पडल्यावर डोहाकडे जाऊ नये, हे लहान मुलाला यापेक्षा कमी शब्दांत कसं सांगणार?

या गोष्टी पुस्तकापेक्षा तोंडीच जास्त टिकल्या. सांगवीत आता पवनेच्या काठापर्यंत सोसायट्या आल्या आहेत, आणि गिऱ्ह्याची गोष्ट सांगणारी आजी बहुतेकांच्या गावी राहिली आहे. ती गोष्ट तिच्याबरोबरच संपू शकते.

स्वतःचा राक्षस बनवायचाय?

आधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

- त्याला काय हवंय?
- तो कोणता एक नियम कधीच मोडत नाही?
- तो समोर आला तर खेळाडूला काय सोडून द्यावं लागेल?

उत्तरं सुचली नाहीत तर गावी फोन लावा. आमच्या टेबलावर पुढच्या शनिवारी ड्रॅगन नाही, चकवा आहे.