मागच्या सीटवरची करमणूक

मराठीत 'लागणे' हे क्रियापद फार कामाचे आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, झोप लागते. एसटी स्टँडवर 'धुळे गाडी फलाटाला लागली आहे' असे आपण ऐकतो. आणि एखादा मुलगा तोंडाला रुमाल लावून म्हणतो, "मला गाडी लागते." वर्गात मी या वाक्याचा अर्थ विचारला, तर एकाने लिहिले होते, 'त्याचा अपघात झाला.' तसे नाही. गाडी लागणे म्हणजे प्रवासात डोके जड होणे, मळमळणे आणि शेवटी उलटी होणे.

आजचा पाठ गाडीत मागे बसणाऱ्या मुलांच्या करमणुकीविषयी आहे. मग सुरुवात उलटीपासून का? कारण या दोन गोष्टींचा संबंध तुम्हांला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

आपल्यापैकी थोड्यांच्याच दारात गाडी उभी असते. पण लग्नाला, ईदच्या भेटीला, दवाखान्याला किंवा अजिंठ्याच्या सहलीला आपण भाड्याची किंवा नातेवाइकांची गाडी घेतोच. पुढे ड्रायव्हरजवळ दादाजान किंवा अब्बा बसतात. मधल्या सीटवर अम्मी, खाला आणि मांडीवरची बाळे. तुमची जागा ठरलेली, सर्वांत मागे! तिथे खिडकी लहान, धक्के जास्त आणि वेळ जाता जात नाही. मग कोणीतरी खिशातून मोबाइल काढतो.

गाडीत करमणूक हवी, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात १९३० साली एका कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला. त्याचे नाव मोटोरोला. पुढे हेच नाव मोबाइलवर आले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली आणि काही वर्षांतच ती मोटारीत जाऊन पोहोचली. तुमच्या अब्बांना विचारा, जीपमधल्या टेपवर कव्वाली ऐकत केलेले प्रवास त्यांना अजून आठवत असतील. आपल्याकडे १९८० नंतर रात्रीच्या खासगी बसगाड्यांत 'व्हिडिओ कोच' आले. पुढे टांगलेल्या टीव्हीवर सिनेमा लागे आणि झोपायची इच्छा असणाऱ्यांनाही तो पाहावा लागे. नंतर काही मोटारींत पुढच्या सीटच्या पाठीला छोटे पडदे बसवले गेले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला. सीटच्या पाठीवरच्या पडद्याची हौस त्यामुळे मागे पडली.

आता उलटीकडे वळू. आपल्या कानाच्या आत खोलवर तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोके हलले की हा द्रव हलतो आणि मेंदूला कळते की आपण वळलो किंवा झुकलो. शेजारीच आणखी दोन लहान पिशव्या असतात. वेग वाढला किंवा कमी झाला, की त्या खबर देतात. म्हणजे कान फक्त ऐकण्याचे काम करत नाही, तोल सांभाळण्याचे कामही करतो.

तुम्ही मागच्या सीटवर मान खाली घालून मोबाइल पाहता, तेव्हा काय होते? डोळ्यांसमोर पडदा स्थिर असतो. डोळे मेंदूला सांगतात, 'आपण एका जागी बसलो आहोत.' कान सांगतात, 'मुळीच नाही, आपण वळलो, खड्ड्यातून गेलो, ब्रेक लागला.' एकाच गोष्टीच्या दोन साक्षी, आणि दोन्ही वेगळ्या! मेंदू गोंधळतो आणि त्याचा परिणाम पोटावर होतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. पुस्तक वाचले तरी तेच होते, म्हणून दोष एकट्या मोबाइलला देता येत नाही. ड्रायव्हरला मात्र गाडी सहसा लागत नाही. त्याची नजर दूर रस्त्यावर असते आणि पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

उपायही यातच आहे. डोळ्यांना तेच दिसू द्यावे, जे कानांना जाणवते आहे. खिडकीबाहेर, दूर, स्थिर वस्तूकडे पाहावे. जळगावहून निघालात तर उत्तरेला सातपुडा आहेच. काही जण लिंबू हुंगतात, काही आवळासुपारी चघळतात. त्याने बरे वाटत असेल तर जरूर करा. पण डोळे पडद्यावर ठेवून लिंबू हुंगण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

उलटीने कपडे खराब होतात, एवढेच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ती माझ्या डोळ्यांसमोर घडली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही धरणगावहून मालेगावला एका लग्नाला निघालो होतो. एरंडोल, पारोळा, धुळे आणि मग मालेगाव, असा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. गाडी माझे भाईजान चालवत होते. मागे माझा आठ वर्षांचा भाचा आणि तेरा वर्षांची भाची. मोबाइल एकच होता. पारोळ्यापर्यंत भाचा खेळला, आता पाळी भाचीची होती. तो देईना. ओढाओढ झाली, रडणे झाले. मी "अरे, थांबा" म्हणेपर्यंत भाईजान रागाने मागे वळले. जेमतेम दोन सेकंद असतील.

या दोन सेकंदांचे गणित करू. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंदांत ३३ मीटर. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. म्हणजे अशी अडीच मैदाने भाईजानांनी रस्त्याकडे न पाहता पार केली. आणि त्याच वेळी शेताच्या वाटेने कडब्याने भरलेला एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला.

त्यांनी करकचून ब्रेक लावला. ट्रॅक्टर वाचला, आम्हीही वाचलो. पण मोबाइल मागच्या सीटवरून उडाला, माझ्या कानाजवळून गेला आणि पुढच्या काचेवर आपटला. भाचा पुढच्या सीटच्या पाठीवर आदळला. त्याचा ओठ फाटला आणि खूप रक्त आले. धुळ्याला एका दवाखान्यात दोन टाके घालावे लागले. पुढच्या दोघांनी पट्टे लावले होते. मागे एकानेही लावला नव्हता. मीही नाही, आणि मी शिक्षिका आहे!

मोबाइल का उडाला? विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही ज्याला 'जुमूद' म्हणता, त्याला मराठीत 'जडत्व' म्हणतात. गाडी थांबते, पण गाडीतली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. मोबाइल, पाण्याची बाटली, डबा आणि पट्टा न लावलेले मूल, सर्वांना नियम एकच. म्हणून मागच्या सीटवर हाती घेण्याची वस्तू जितकी हलकी आणि मऊ, तितकी बरी. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा मुलांसाठीच्या खास आसनाविना बसवले, तर आता एक हजार रुपये दंड आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण याच वयाचे आहेत. आपल्या भागात एका गाडीत दहा-बारा जण बसवण्याची रीत आहे आणि इतके पट्टे तर गाडीत नसतातच. हे मला माहीत आहे. तरीही गाडी ठरवताना मोठ्यांना एकदा विचारा, "मागे पट्टे आहेत का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

मग मागे बसून करायचे काय? डोळे बाहेर ठेवून जी करमणूक होते ती करावी. म्हणजे कानांनी आणि तोंडाने होणारी. गोष्ट, गाणी, कोडी. दादीजान बरोबर असतील तर प्रश्नच मिटला. त्या नसतील तर मोबाइल पुढच्या माणसाकडे द्या आणि त्यावर गोष्ट लावा. आकाशवाणी जळगावही गाडीच्या रेडिओवर लागते. पडदा एकाच मुलाचा असतो, आवाज मात्र सर्वांचा. भांडण झालेच तर कोणते गाणे लावायचे यावर होते आणि त्यासाठी कोणाला मागे वळावे लागत नाही. कानात हेडफोन घालू नये, असे मी म्हणेन. धावत्या गाडीचा आवाज झाकण्यासाठी आपण नकळत हेडफोनचा आवाज वाढवत नेतो आणि त्याची झळ कानांना बसते.

पण सर्वांत छान खेळ तुम्हांला आधीच येतो. बैतबाजी! एकाने शेर म्हणायचा, त्याच्या शेवटच्या हर्फाने दुसऱ्याने सुरू करायचे. मराठीत असाच खेळ आहे, त्याला 'भेंड्या' म्हणतात. ज्या बाजूला उत्तर येत नाही, तिच्यावर भेंडी चढते. ही भेंडी भाजीची नव्हे. वर्गात हा शब्द आला की मुले हसतात, म्हणून आधीच सांगते.

गाडीत गावांच्या भेंड्या खेळाव्या. गावे बाहेर पाट्यांवर लिहिलेली असतात, त्यामुळे नजर आपोआप खिडकीबाहेर जाते. मात्र खानदेशात एक अडचण आहे. धरणगाव म्हटले की 'व' येतो. दुसरा म्हणतो, वरणगाव. पुन्हा 'व'! चाळीसगाव, भडगाव, जळगाव, मालेगाव, सगळी वाट 'व' वरच येते. तुम्ही बैतबाजीत हे अनुभवले असेल. कितीतरी शेर 'है' ने संपतात आणि प्रत्येक वेळी 'ये' समोर उभा राहतो. 'व' मधून सुटायचे तर वाकोद आठवावे. मग 'द' वरून दोंडाईचा, 'च' वरून चोपडा, 'ड' वरून डांभुर्णी. आणि आता 'ण'! मराठीत 'ण' किंवा 'ळ' ने सुरू होणारा शब्द सापडत नाही. म्हणून आधीच ठरवून घ्यावे, की 'ण' आला तर 'न' घ्यायचा आणि 'ळ' आला तर 'ल'. हे ठरवले नाही तर भांडण नक्की.

इथे उर्दू माध्यमाच्या मुलांची एक गंमत होते. उर्दूत 'गाँव' लिहिताना शेवटी नून गुन्ना येतो. म्हणजे धरणगाववरून थेट नाशिक किंवा नंदुरबार म्हणता येते आणि 'व' ची कटकट संपते. उलट चोपडा म्हटले, तर मराठीत 'डा' या अक्षरातला 'ड' धरतात, काना सोडून देतात. उर्दूत शेवटचा हर्फ अलिफ धरला, तर एरंडोल म्हणता येते. कोणता नियम चालवायचा, ते एरंडोल येण्याआधी ठरवा. मी तर एक फेरी मराठी नियमाने आणि एक उर्दू नियमाने खेळवते. दोन लिप्या येणाऱ्यांनाच हा खेळ असा खेळता येतो.

गाड्यांच्या क्रमांकांचाही खेळ आहे. एमएच १९ म्हणजे जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार, ४१ मालेगाव, १५ नाशिक, २० छत्रपती संभाजीनगर, २८ बुलढाणा. धुळ्यानंतर मुंबई-आग्रा रस्ता लागला की एमपी ०९ म्हणजे इंदूरच्या गाड्या दिसू लागतात. सुरतकडून आलेली जीजे ०५ ही भेटते. जो आधी ओळखेल त्याला एक गुण, चूक झाली तर एक गुण वजा. लहान मुलांना नद्या मोजायला द्याव्या. एरंडोलची अंजनी, पारोळ्याची बोरी, मालेगावची मोसम. उन्हाळ्यात त्यांत पाणी जवळजवळ नसते, नुसते पूल मोजावे लागतात. त्यांचे पाणी शेवटी तापीला जाते, हे सांगितले तर मोठी मुले नकाशा मागतात. धुळे सोडले की डोंगरावर लळिंगचा किल्ला दिसतो. तो पहिल्यांदा कोणाला दिसतो, यावर आमच्या गाडीत पैज लागते.

मोबाइल मुळीच नको, असे मी म्हणत नाही. प्रवास रात्रीचा आणि लांबचा असेल, लहान भावंड रडत असेल, तर अर्धा तास चित्रपट दाखवायला हरकत नाही. तेव्हा मोबाइल मांडीवर ठेवू नये. नजर समोर राहील इतक्या उंचीवर तो घट्ट बसवावा, म्हणजे मान खाली जात नाही आणि ब्रेक लागल्यावर तो उडतही नाही. ड्रायव्हरला त्याचा उजेड दिसणार नाही, अशी जागा निवडावी. चित्रपट घरूनच उतरवून घ्यावा, कारण वाटेत नेटवर्क गेले की रडणे दुप्पट होते. आणि कोणाची पाळी किती वेळ, हे गाडी सुरू होण्यापूर्वी बोलून घ्यावे.

लग्न आटोपून आम्ही दोन दिवसांनी परत निघालो. भाच्याचा ओठ सुजलेला होता, बोलताना त्याला 'प' आणि 'म' नीट म्हणता येत नव्हते. तरी पट्टा लावून तो भेंड्या खेळायला बसला. मोबाइल माझ्या पिशवीत होता. पारोळ्यापर्यंत त्याची बाजू वर होती. एरंडोल मागे पडल्यावर भाचीने मुद्दाम 'भुसावळ' म्हटले आणि तो 'ळ' वर अडकला. धरणगावची घरे दिसू लागली, तरी त्याला गाव सुचेना. शेवटी भाईजानच पुढून, मान न वळवता ओरडले, "अरे, 'ल' घे, 'ल'! लासलगाव!"