शेवटचा हात रोटरचा

बार्शी तालुक्यात मशागत म्हणजे रोटर, असे समीकरण आता पक्के बसले आहे. कंपनीच्या कागदावर तो रोटाव्हेटर, शेतकऱ्याच्या तोंडी रोटर किंवा नुसता रोटा. सोयाबीन निघाले, मारा रोटर. हरभरा पेरायचाय, मारा रोटर. कांद्याचे वाफे काढायचेत, तरी रोटरच. एका फेरीत ढेकूळ फुटते, धसकट तुटते, रान सपाट होते आणि रव्यासारखी मऊ माती बघून मालक खुशीने भाडे मोजतो. ही खुशी पुष्कळदा फसवी असते. यंत्र वाईट नाही, पण मशागतीत त्याची जागा शेवटची आहे. नांगर, फण आणि कुळव या सगळ्यांचे काम एकट्या रोटरवर टाकले की काळ्या रानाचे नुकसान होते, आणि ते किती व्हायचे हे बरेचसे यंत्र जोडतानाच ठरते.

गंमत अशी की, हे यंत्र जन्मले ते माती दबू नये म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स प्रांतात गिलगँड्रा येथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले. नांगराच्या तासाखाली जमीन घट्ट बसते, ती न बसता मोकळी करता येईल का, हा त्याचा प्रश्न होता. पुढे त्याने इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पाती बसवली आणि १९२० साली पेटंट घेतले. आज आपल्याकडच्या बहुतेक रोटरवर तीच एल पाती दिसतात. पण तळ घट्ट होऊ नये म्हणून निघालेले यंत्र दर हंगामात त्याच चार-सहा इंचांवर फिरत राहिले, तर पात्याची पाठ खालची ओली माती घासून गुळगुळीत करते. वर भुसभुशीत, खाली लिंपल्यासारखा थर, असे रान तयार होते. मुळे तिथे अडतात आणि पाणीही अडते.

म्हणून जोडणीकडे नीट पाहायला हवे. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून आधी डावी लोअर लिंक, मग उजवी, त्यानंतर टॉप लिंक आणि सगळ्यात शेवटी पीटीओ शाफ्ट, हा क्रम. उजवी लिंक फिरवून यंत्र आडवे समपातळीत आणायचे, टॉप लिंकने पुढे-मागे. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश शिरलेल्या असाव्यात. यंत्र वर उचलल्यावर मात्र त्या तळाला टेकता कामा नयेत. आतले दोन्ही काटे एका रेषेत नसतील तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर जातो. वळताना रोटर जमिनीतून उचलायचा, आणि पूर्ण वर घ्यायचा तर आधी पीटीओ बंद करायचा. शाफ्टवरचे कव्हर काढून टाकण्याची खोड तर जिवावर बेतणारी. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक अडकले तर हात आखडून घ्यायलाही सवड मिळत नाही.

एवढे झाले की यंत्र चालते. पण माती कशी निघेल हे ठरवणाऱ्या गोष्टी आणखी तीन आहेत : गिअर, बाजूच्या स्किड आणि मागचा फळा. हिशेब सोपा आहे. रोटरचा दांडा मिनिटाला २०० फेरे घेतो आणि ट्रॅक्टर तासाला तीन किलोमीटर चालतो असे धरू. म्हणजे मिनिटाला ५० मीटर, दर फेऱ्याला २५ सेंटिमीटर. एका चकतीवर सहा पाती असतील तर तीन डावीकडे वळलेली आणि तीन उजवीकडे. म्हणजे प्रत्येक पाते सव्वाआठ सेंटिमीटरचा घास घेते. तोच ट्रॅक्टर तासाला पाच किलोमीटरने चालवला तर घास चौदा सेंटिमीटरचा होतो. मागचा फळा खाली सोडला की फेकलेले ढेकूळ त्यावर आपटून आणखी फुटते, वर बांधला की जाडसर राहते. स्किड खाली-वर करून खोली बदलते. म्हणजे पिठासारखी माती हा यंत्राचा स्वभाव नाही, ती सावकाश गिअर, सोडलेला फळा आणि दुसऱ्या फेरीचा हट्ट यांची कमाई आहे.

ही कमाई बार्शीला का परवडत नाही? इथला पाऊस बेभरवशाचा आणि रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येणारी. म्हणजे पावसाचा थेंब जिरवणे हीच इथली खरी मशागत. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्या काळच्या प्रयोगांतून जी पद्धत पुढे आली तिच्यात बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट होती. रान दरवर्षी दळून काढा, असे त्यात कुठे नव्हते. कुळवाची फास वरच्या दोन-तीन इंचांखालून आडवी सरकते, तण कापते, भेगा बुजवते आणि खालची ओल खालीच ठेवते. रोटर ती ओली माती वर उधळतो, उन्हात वाळवतो. शिवाय बारीक मातीवर दणक्याचा पाऊस आला की कण छिद्रांत बसतात, पाणी वाहून जाते आणि वर खपली धरते. सोयाबीनला हे फार जाचते, कारण ते आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येते. खपली जाड असली की मान तिथेच मोडते.

यावर पहिला आक्षेप असा की, बैल राहिले नाहीत, मजूर मिळत नाही, मग कुळव धरायचा कोणी? तक्रार रास्त आहे, पण ती बैलांबद्दलची आहे. ट्रॅक्टरला मोगडा जोडता येतो, कुळवाची फासही जोडता येते. दुसरा आक्षेप जाणत्यांचा : काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि स्वतःच स्वतःला नांगरते, मग घट्ट थर टिकेल कसा? वैरागकडच्या खोल कोरडवाहू काळीत यात बरेच तथ्य आहे. मात्र ऊस किंवा ठिबकखालचे रान कधी पुरते वाळतच नाही, मध्यम जमिनीला तेवढ्या खोल भेगा पडत नाहीत, आणि ओल्यात रोटर मारून लिंपलेला थर त्याच हंगामातले पीक तर बसवतोच. तिसरा आक्षेप, सरकारच अनुदान देते. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण अभियानात रोटाव्हेटर आहे हे खरे. पण अनुदान अवजार घ्यायला असते, ते वर्षातून किती वेळा फिरवायचे हे कोणताही शासन निर्णय सांगत नाही. तणाचा मुद्दा उरतो. वार्षिक तणावर रोटर नामी आहे. लव्हाळा आणि हरळी मात्र तो तुकडे करून रानभर लावून देतो.

मग रोटर कुठे? कांदा-लसणाच्या वाफ्यांत, भाजीपाल्याच्या गादीवाफ्यांत, सोयाबीनची धसकटे मातीत मिसळायला. आणि तेही नांगर किंवा मोगडा होऊन गेल्यावर, एकाच फेरीत. पांगरीकडच्या दगडगोट्यांच्या माळाला तर पात्यांचा खर्चच हात आखडायला शिकवेल. आणि कुठेही, आधी वाफसा बघायचा. पाते जिथवर जाणार तिथली माती मुठीत घेऊन दाबावी आणि गोळा कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. फुटून विखुरला तर रोटर घालावा. चपटा होऊन तसाच राहिला तर त्या दिवशी ट्रॅक्टर दारातच उभा ठेवावा, भाड्याची पाळी चुकली तरी चालेल.