दमलेल्या अंगाला आधाराची विश्रांती



रात्रीची लाईट असली की आपल्या वाळवा तालुक्यात उसाला पाणी पाजून पहाटे घरी यायचं. अंग मोडून आलेलं असतं, पण डोळ्याला डोळा लागत नाही. त्यावर बिनखर्ची उपाय करून पाहावा.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले. शरीराला ताण न पडता आसनात राहता यावे म्हणून त्यांनी लोड, घोंगडी, खुर्ची, दोर यांचा आधार देण्याची पद्धत रुजविली. आपल्याला घरची वाकळ पुरे.

भिंतीलगत वाकळेची घडी घालावी. कंबर घडीवर, पाठ व डोके जमिनीवर ठेवून पाय भिंतीला उभे टेकवावेत. हात सैल, श्वास सावकाश. आधार मिळाला की स्नायूंना अंग तोलून धरावे लागत नाही; ते ढिले पडतात. पाच-दहा मिनिटांनी कुशीवर वळून उठावे.

भरल्या पोटी करू नये. काचबिंदू, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी व गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे. कंबरेची कळ पायात उतरत असेल तर डॉक्टरांनाच दाखवावे.

उसाची पाण्याची पाळी आपण चुकवत नाही. अंगालाही त्याची पाळी द्या.