तेलाचा काटा खाली, पाण्याचा काटा वर

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर स्मिथ्सचं एक गोल मीटर असतं. एकाच तबकडीत दोन काटे, एक तेलाच्या दाबाचा आणि एक पाण्याच्या तापमानाचा. ऑक्सफर्डजवळ राहणाऱ्या माझ्या मित्राकडे १९७२ची एमजीबी जीटी आहे. तिचे हे दोन काटे उन्हाळ्यात नको त्या दिशांना जायला लागले. हायवेला लागून वीसेक मिनिटं झाली की पाण्याचा काटा गरमकडे सरकायचा आणि त्याच वेळी तेलाचा दाब चाळिशीपर्यंत खाली यायचा. सिग्नलला थांबल्यावर तर जेमतेम दहा. एका गॅरेजने नुसता काटा बघून सांगून टाकलं की इंजिनाचं काम निघालंय. इंजिन उतरवा, क्रँक घासून घ्या, नवे बेअरिंग शेल टाका.

खर्चाचा आकडा ऐकून मित्र गाडी घेऊन ॲबिंग्डनला गेला आणि मीही सोबत गेलो. या गाडीचा कारखाना याच गावात होता. १९६२ ते १९८० या काळात इथून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. इथल्या एका निवृत्त मेकॅनिकने आयुष्यभर हीच १७९८ सीसीची इंजिनं हाताळलेली आहेत. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "कधी तापते? ट्रॅफिकमध्ये, की वेगात असताना?"

या प्रश्नाने अर्धं काम होतं. गर्दीत उभी असताना तापणारी आणि वेग घेतला की निवणारी गाडी हवेअभावी तापत असते, म्हणजे पंखा बघायचा. उलट, वेगात असताना समोरून भरपूर हवा मिळूनही तापत असेल तर पाणी नीट फिरत नाहीये, रेडिएटर चोंदलाय किंवा इंजिन मुळातच जास्त उष्णता तयार करतंय. मित्राची गाडी दुसऱ्या प्रकारातली.

तरीही त्यांनी रेडिएटरला हात लावला नाही. पहिली तपासणी मीटरची. पन्नास वर्षांच्या काट्यावर विश्वास ठेवून इंजिन खोलणं त्यांना अजिबात मान्य नाही. तापमानाचा काटा ईथर भरलेल्या बारीक तांब्याच्या नळीवर चालतो, तिच्या टोकाचा बल्ब हेडमध्ये बसवलेला असतो. नट सोडवताना नळी पिळली गेली की मीटर संपलं, म्हणून एका हाताने नळी स्थिर धरून दुसऱ्या हाताने पाना अगदी थोडा थोडा फिरवत त्यांनी बल्ब बाहेर काढला आणि उकळत्या पाण्यात बुडवला. काटा बरोबर जिथे जायला हवा तिथे गेला. मग तेलाच्या मीटरची नळी सोडवून तिथे वर्कशॉपचं गेज लावलं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर चालत्या वेगाला ४०, आयडलिंगला १०. गाडीचं मीटर खरंच सांगत होतं.

या इंजिनात गरम असताना चालत्या वेगाला ५० ते ८० पाउंड आणि आयडलिंगला १० ते २५ पाउंड दाब योग्य मानतात. म्हणजे दाब कमी होता, पण इंजिन मेलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक चुकीची निदानं इथेच होतात. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दाब येतो वाटेतल्या अडथळ्यामुळे. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, अंगठा सैल केला की जोर जातो, तसंच. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँक आणि बेअरिंग शेल यांच्यातली मिलिमीटरच्या काही शतांशांची फट. शेल झिजले की फट वाढते आणि दाब पडतो, हे खरं. पण तेल पातळ झालं तरी त्याच फटीतून ते सहज निसटतं आणि दाब तसाच पडतो. तेल पातळ कशाने होतं? उष्णतेने. त्यामुळे इंजिन तापत असेपर्यंत तेलाच्या दाबावरून बेअरिंगबद्दल काहीही म्हणायला अर्थ नाही.

आधी ताप उतरवायचा, असं ठरलं. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवरून फिरवल्यावर खालच्या कोपऱ्यातला एक पट्टा गार निघाला. तिथल्या नळ्या बंद होत्या. ब्लॉकच्या मागच्या बाजूचा पाण्याचा ड्रेन उघडला तर थेंबही आला नाही. आत तार घालून ढोसल्यावर आधी तपकिरी गाळ आला, मग पाणी. हा गाळ या इंजिनात मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती साचतो आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. रेडिएटरच्या १० पाउंडच्या झाकणाचं रबर तडकलेलं होतं. झाकण दाब धरत असेल तर पाणी ११५ अंशांच्या आसपास उकळतं, नसेल तर शंभरीलाच. थर्मोस्टॅट पातेल्यात टाकून बघितला, तो ८२ अंशांना व्यवस्थित उघडला. हेड गॅस्केटचीही खात्री करून घेतली. रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा निळ्या द्रवातून ओढतात. तिच्यात जळलेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला.

मला सगळ्यात आवडलेली तपासणी त्यानंतरची. डिस्ट्रिब्युटरला एक छोटी गोल डबी असते. कार्बोरेटरच्या बाजूने येणाऱ्या निर्वातामुळे तिच्यातला पडदा ओढला जातो आणि ठिणगी थोडी लवकर पडते. त्यांनी डबीची नळी तोंडात धरून हवा ओढली आणि जिभेने टोक बंद केलं. पडदा शाबूत असेल तर नळी जिभेला चिकटून राहते. इथे ती लगेच सुटली. पडदा फाटलेला होता.

आणि हीच हायवेची गोष्ट होती. एकसारख्या वेगाने जाताना ठिणगी उशिरा पडली की मिश्रण उशिरापर्यंत जळत राहतं आणि ती आग एक्झॉस्टच्या वाटेने हेडला भाजत जाते. या इंजिनात दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर एकच एक्झॉस्ट पोर्ट वापरतात, त्यामुळे हेडचा मधला भाग आधीच सगळ्यात गरम असतो.

रेडिएटरची जाळी नवी बसवून घेतली, ब्लॉक धुतला, झाकण आणि डबी बदलली. पाण्याचा काटा हायवेलाही मधोमध राहू लागला. तेलाचा दाब ४० वरून ४८ वर आला. दुसरं काहीही न करता.

मग तेल. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी १०डब्ल्यू-३० घातलं होतं. १०० अंशांना ३० ग्रेडच्या तेलाची स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. या गाडीला पहिल्यापासून २०डब्ल्यू-५० चालतं आणि तेच लागतं. नव्या गाड्यांचं महागडं पातळ तेल जुन्या इंजिनात घालणं ही काळजी नव्हे, नुकसान आहे. शिवाय या इंजिनाच्या सपाट टॅपेटना तेलात पुरेसं झिंक लागतं, ते आजच्या बऱ्याच तेलांत कमी असतं.

शेवटी दाबाचा रिलीफ व्हॉल्व्ह. ब्लॉकच्या मागे डावीकडे घुमटाच्या आकाराचा नट, त्याच्या आत स्प्रिंग आणि वाटीसारखा व्हॉल्व्ह. स्प्रिंग मोकळी असताना तीन इंच भरायला हवी. ती थोडी दबलेली होती आणि व्हॉल्व्हच्या कडेवर एक बारीक चर होता. नवी स्प्रिंग, नवा व्हॉल्व्ह, बैठक पेस्टने हलकी घासली. पाऊण तासाचं काम.

आता गरम इंजिनाला चालत्या वेगात ६०, आयडलिंगला १८. क्रँक जागेवर, शेल जुनेच. ते थोडे झिजलेले असणार, पण खालून ठोका येत नाही, तोवर हात लावायचं कारण नाही. तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर इंजिन खोलायला होकार देण्याआधी दुसरं गेज लावून दाब मोजायला सांगा आणि तो मोजताना स्वतः शेजारी उभे राहा.