तैबे : प्रभूला आसरा देणारे गाव

प्रभू येशूने लाझरसला मरणातून उठवले आणि त्यानंतर धर्मपुढाऱ्यांनी त्याला ठार मारण्याचा निश्चय केला. तेव्हा उघडपणे फिरणे सोडून तो अरण्यानजीकच्या एफ्राइम नगरात शिष्यांसह राहिला, असे योहानलिखित शुभवर्तमान सांगते (११:५४). हे एफ्राइम म्हणजे पॅलेस्टाईनमधील आजचे तैबे, अशी जुनी परंपरा आहे. त्या गावाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

तैबे जेरुसलेमच्या ईशान्येस, रामल्लाहजवळ, सुमारे ९०० मीटर उंचीच्या टेकडीवर वसले आहे. पूर्वेस ओसाड अरण्य व त्यापलीकडे यार्देनचे खोरे दिसते. संकटात सापडलेल्या माणसाला येथून क्षणात अरण्यात शिरता येई. प्रभूने हे स्थळ का निवडले असावे, हे त्यावरून ध्यानात येते. मादाबा येथील चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकात रंगीत खड्यांनी जडवलेल्या पवित्र भूमीच्या नकाशातही प्रभूच्या या मुक्कामाची नोंद आहे.

‘तैबे’ म्हणजे चांगले. सुलतान सलादिनाने ग्रामस्थांच्या सौजन्यावर प्रसन्न होऊन हे नाव दिले, अशी लोककथा आहे. गावाच्या कडेला संत जॉर्ज यांच्या प्राचीन चर्चचे अवशेष आहेत. बायझंटाईन काळात उभारलेल्या या वास्तूची क्रुसेडरांनी पुनर्बांधणी केली. ग्रामस्थ तिला ‘अल-खदर’ म्हणतात आणि नवस फेडण्यासाठी आजही तेथे येतात.

तैबेची वस्ती सुमारे १,३०० असून पश्चिम किनाऱ्यावरील हे एकमेव संपूर्ण ख्रिस्ती गाव मानले जाते. लॅटिन, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि मेल्काइट अशी तीन चर्चेस येथे आहेत. मेल्काइट भाविक पोपमहोदयांशी एकरूप असून त्यांची उपासना मात्र बायझंटाईन पद्धतीची आहे. २०२२ साली संतपद लाभलेले चार्ल्स द फुको यांनी १८९८ मध्ये येथे मौनसाधना केली होती.

जैतुनाची शेती हा गावाचा जुना आधार. धर्मग्रामाने जैतुनाच्या तेलावर जळणारे, कबुतराच्या आकाराचे ‘शांतिदीप’ बनवून रोजगार निर्माण केला. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबाने १९९४ साली बिअरचा कारखाना काढला. तरीही परदेशी स्थायिक झालेल्यांची संख्या गावात उरलेल्यांहून अधिक आहे.

स्थलांतरामागे बेकारी आहे, तशी असुरक्षितताही आहे. जुलै २०२५ मध्ये प्राचीन चर्च व दफनभूमीजवळ आग लागली. ती इस्रायली वसाहतकारांनी लावल्याचे गावच्या तिन्ही धर्मगुरूंनी संयुक्तपणे जाहीर केले. त्यानंतर आठवड्याभरात जेरुसलेमचे ख्रिस्ती धर्मप्रमुख गावात आले आणि त्यांनी ग्रामस्थांच्या रक्षणाची मागणी केली.

ही माणसे निघून गेली, तर तेथे केवळ दगडी अवशेष उरतील. प्रार्थना करणारे कोणी उरणार नाही. गुड फ्रायडेला पवित्र भूमीसाठी दान देताना, प्रभूला आसरा देणाऱ्या या गावाचीही आपण आठवण करू या.