रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

माझे मामा मेहकर तालुक्यात शेती करतात. त्यांची अँजिओप्लास्टी झाली; खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. घरी येताच मामा म्हणाले, "नळी तं मोकळी झाली, आता गोळ्या कायले?" पुढे रक्ताच्या रिपोर्टात सीआरपी ४ निघाला, तेव्हा तेच मामा अंथरूण धरून म्हणाले, "आता माह्यं काही खरं नाही." दोन्ही वेळा मामा चुकले.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडले. शरीराची संरक्षक यंत्रणा जागी झाली की ते वाढते. हृदयाच्या रक्तवाहिनीत नुसती चरबी साचत नाही. तिथे पांढऱ्या पेशी शिरतात, आतून दाह धुमसतो, थर फुटतो, गुठळी होते आणि झटका येतो. स्टेंट एक जागा मोकळी करतो, धुमसणे थांबवत नाही. म्हणून गोळ्या.

१९९७ साली अमेरिकेतील डॉ. पॉल रिडकर यांनी दाखवले की, ज्या निरोगी पुरुषांचा सीआरपी सर्वाधिक होता, त्यांना झटक्याचा धोका सुमारे तिप्पट होता. २०१७ मध्ये दहा हजारांवर हृदयरुग्णांच्या अभ्यासात दाह कमी करणाऱ्या इंजेक्शनाने धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटला, कोलेस्टेरॉल न बदलता! मात्र त्याने जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. संरक्षक यंत्रणा दाबण्याचीही किंमत असते.

'हाय सेन्सिटिव्हिटी' तपासणीत १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी ताप, जखम, संसर्ग पाहावा व बरे झाल्यावर, दोनेक आठवड्यांनी, पुन्हा तपासावे. हिरड्यांची सूज, विडी-सिगारेट, पोटाचा घेर, मधुमेह यांनीही आकडा चढतो.

आम्हा कारकुनांना रजिस्टरवरील लाल शेरा ठाऊक आहे. शेरा म्हणजे शिक्षा नव्हे. खाते पुन्हा तपासा, एवढाच त्याचा अर्थ. मामांनी विडी सोडली, दात दाखवले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तेव्हा भगिनींनो, घरातील रुग्णाचा रिपोर्ट कपाटात ठेवू नका, डॉक्टरांसमोर ठेवा. आणि त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू देऊ नका.